मॅडम, तुमच्या उपयोजित गणिताबद्दल

मॅडम,

तुम्ही गेल्याचं मला कळलं तेव्हा सकाळचे आठ वाजले होते आणि मी दूध तापवत होतो. फोन आपल्या विभागप्रमुखांचा होता. "लेले सर, वाईट बातमी आहे. खोब्रागडे मॅडम पहाटे गेल्या. हृदयविकाराचा झटका." मी गॅस बंद केला. तुम्हाला खरं सांगतो, मनात पहिला आला तो शोक नव्हता. सोमवारी तुमच्या उपयोजित गणिताच्या शाखेची आढावा बैठक होती. ती शाखा चालू ठेवायची की गुंडाळायची, हे त्या दिवशी ठरणार होतं. मला वाटलं, आता ही मंडळी त्या बैठकीत काय करतील? तुमच्या जाण्याचा उपयोग कोण कसा करून घेईल? विभागप्रमुखांच्या आवाजात दुःख जरा जास्तच नव्हतं का? आणि मग बऱ्याच वेळानं, दुधावर साय धरल्यावर, मी खुर्चीत बसलो आणि तुम्ही आता नाही हे मला समजलं.

तुम्ही असता तर म्हणाला असता, "सर, माणूस मेल्यावर तरी शंका आवरा." पण तुम्हाला माझा स्वभाव ठाऊक होता. अठरा वर्षं एका खोलीत बसलो आपण. त्यातली शेवटची दोन वर्षं मी तुमच्याशी कामापुरतंच बोललो. का, ते तुम्ही कधी विचारलं नाहीत आणि मीही सांगितलं नाही. आज सांगतो.

तुमच्या घरी मी पहिल्यांदा आलो तो त्या दिवशी. कर्वेनगरहून हडपसर म्हणजे शहराची दोन टोकं, हे माझं अठरा वर्षांचं कारण. तिसऱ्या मजल्यावर दार उघडंच होतं. पांढरी लुगडी नेसलेल्या बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती होती आणि एक वयस्क गृहस्थ वंदना म्हणत होते. बाकीचे त्यांच्यामागून म्हणत होते. मला शब्द येत नव्हते. हात जोडून उभा राहिलो. तुमच्या प्रज्ञानं मला ओळखलं. "तुम्ही लेले सर ना? आई सांगायची तुमच्याबद्दल." काय सांगायची, हे विचारायचा धीर झाला नाही. चांगलं नसणार, असं मी तिथल्या तिथे गृहीत धरलं.

तुम्ही विभागात रुजू झालात तो दिवस मला आठवतो. चंद्रपूरकडच्या एका कॉलेजातून आला होतात. आपल्या खोलीत दुसरं टेबल नुकतंच आणून ठेवलं होतं आणि माझी निम्मी खिडकी गेली म्हणून मी नाराज होतो. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "तुमच्याकडे उन्हाळा फार ना?" तुम्ही पर्समधून रुमाल काढून टेबल पुसत म्हणालात, "हो सर. आणि पुण्यात गारठा फार. माणसांत." मी हसलो नाही, पण घरी जाऊन बायकोला सांगितलं की नवीन बाई पुण्यात टिकतील.

मग आपलं भांडण सुरू झालं. ते पंधरा-सोळा वर्षं चाललं आणि ती माझी नोकरीतली सर्वांत चांगली वर्षं होती. मी बीजगणिताचा माणूस. समूह, वलय, क्षेत्र. तुम्ही डिफरन्शियल इक्वेशन आणि संगणकावरच्या आकडेमोडीच्या. चहाच्या वेळी मी म्हणायचो, सुंदर गोष्टीला तिचा उपयोग विचारू नये. एकदा तुम्ही कप खाली ठेवलात. "सर, माझे वडील कोळशाच्या खाणीत पंपावर होते. खाली पाणी किती वेगानं चढून राहिलं, याचा अंदाज त्यांना डोक्यात करावा लागे. अंदाज चुकला की माणसं खालीच. मी कॉलेजात गेल्यावर मला कळलं की बाबा जे डोक्यात करत होते ते डिफरन्शियल इक्वेशन होतं. ते मला सुंदरच वाटलं."

मी म्हणालो, चहा गार होतोय.

एरवी तुमचं मराठी माझ्यापेक्षा नेटकं. पण राग आला किंवा माया आली की तुमच्या बोलण्यात तुमचा गाव यायचा. दोन्हींपैकी काय आलंय, हे मला चेहऱ्यावरून ओळखावं लागायचं आणि मी पुष्कळदा चुकायचो.

एके वर्षी तुम्ही न सांगता माझ्या चौथ्या वर्षाच्या तासाला येऊन शेवटच्या बाकावर बसलात. मी क्षेत्रविस्तारावर बोलत होतो. मला वाटलं, तास छान झाला. खोलीत आल्यावर तुम्ही म्हणालात, "सर, विषय अप्रतिम. पण तुम्ही फळ्याशी बोलता. पोरं मागं बसली आहेत हे फळ्याला माहीत नाही." मी विचारलं, "तुम्हाला तपासणीला कुणी पाठवलं होतं का?" तुम्ही गमतीनं घेतलंत. मी गमतीनं विचारलं नव्हतं.

पदवी चार वर्षांची होऊन काही वर्षं झाली आणि अभ्यासक्रम नव्यानं मांडायची वेळ आली, तेव्हा तुम्ही उपयोजित शाखेचा प्रस्ताव आणलात. पहिली दोन वर्षं सगळ्यांना सारखी. तिसऱ्या वर्षापासून दोन वाटा. ज्याला सिद्धान्तात राहायचं तो इकडे, ज्याला गणित घेऊन कारखान्यात, दवाखान्यात, नकाशांत, वाहतुकीत जायचं तो तिकडे. तुम्ही मला आधी दाखवला नाहीत. बैठकीत सगळ्यांबरोबर माझ्या हातात तो कागद आला. अठरा पानांचा प्रस्ताव एका दिवसात तयार होत नाही. म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर बसून तुम्ही महिनोन्‌महिने तो लिहीत होतात आणि मला पत्ता नव्हता. तिथून माझ्या मनात पाल चुकचुकायला लागली.

अभ्यास मंडळाच्या त्या बैठकीत मी वाईट बोललो. "गणित विभागाची आयटीआय करायची आहे का?" असं विचारलं. आपल्याकडची बरीच मुलं आयटीआय शिकलेल्यांच्या घरांतूनच येतात, हे तुम्ही शांतपणे सांगितलंत. मग मी नावावर अडून बसलो. शाखा काढायचीच असेल तर आमच्या शाखेचं नाव 'शुद्ध गणित' असंच पाहिजे, तो जुना प्रचलित शब्द आहे, म्हणालो. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "सर, तुमचं ते शुद्ध. मग आमचं काय? अशुद्ध?"

सगळे हसले. मीही हसलो, टोला बरा होता म्हणून. तुम्ही हसला नाहीत. हे मला त्या दिवशी, तुमच्या घरात हात जोडून उभा असताना आठवलं. इतकी वर्षं भाषेवर जीव टाकणारा मी माणूस, आणि त्या एका शब्दात तुम्हाला काय ऐकू येत असेल, याचा विचार माझ्या मनाला शिवला नाही.

त्याच आठवड्यात स्टाफरूममध्ये एक जण म्हणाला, "त्यांचा प्रस्ताव पास होणारच. त्यांना नाही म्हणायची कुणाची टाप आहे?" त्याला काय म्हणायचं होतं, ते तिथल्या प्रत्येकाला कळलं. मलाही कळलं. मी गप्प बसलो. घरी जाऊन ते वाक्य बायकोला ऐकवलं. ती म्हणाली, "हे तुमचं मत की ऐकीव?" मी वर्तमानपत्र उघडलं. मॅडम, माझा संशय कुठल्या मातीत वाढला हे सांगायचं तर ही माती वगळता येत नाही.

आणि मग ते पान.

प्रस्ताव वर पाठवायच्या आधी मी विभागाची फाइल चाळली. माझा हक्कच होता तो, मंडळाचा सदस्य म्हणून. प्रस्तावाच्या मागे एक टाइप केलेलं पान लावलेलं होतं. सही नाही. मजकूर असा: 'चौथ्या वर्षाच्या बीजगणिताच्या वर्गात पटावरची निम्मी मुलेही प्रत्यक्षात बसत नाहीत. विषय कठीण आहे हे एक कारण. शिक्षक फळ्याशी बोलतात हे दुसरे. हा पेपर सर्वांवर लादणे योग्य नाही. तो ऐच्छिक करावा.'

फळ्याशी बोलतात. सहीची गरजच नव्हती.

मी फाइल मिटली, जागेवर ठेवली आणि खोलीत आलो. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून उत्तरपत्रिका तपासत होतात. "चहा सांगू का सर?" म्हणालात. मी म्हणालो, "नको. माझं पित्त वाढलंय." त्या दिवसापासून माझं पित्त दोन वर्षं वाढलेलं राहिलं.

या दोन वर्षांत तुमच्या प्रत्येक गोष्टीला मी दुसरा अर्थ लावला. तुम्ही माझ्या पुस्तकांवरची धूळ झटकलीत, तर मला वाटलं, कपाट रिकामं करून घ्यायचं आहे. शाखा सुरू झाली, पहिल्या तुकडीला जागेपेक्षा जास्त अर्ज आले, तुम्ही पेढे आणलेत. मी पेढा रुमालात गुंडाळून बाजूला ठेवला. एकदा तुम्ही येऊन उभ्या राहिलात. "सर, आमच्या पोरांना दोन तास द्या ना. मोबाईलवरचा निरोप वाटेत बिघडला तर दुरुस्त कसा होतो, हे मला शिकवायचं आहे. त्याच्या मुळाशी तुमची सांत क्षेत्रं आहेत. मी शिकवलं तर पाठ केलेलं सांगीन. तुम्ही शिकवलं तर त्यांना दिसेल."

मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, हा सापळा आहे. मी दोन तास दिले की पुढच्या आढाव्यात तुम्ही म्हणाल, बघा, बीजगणित दोन तासांत भागतं, त्याला सबंध पेपर कशाला? मी म्हणालो, "वेळ नाही." तुम्ही माझ्या रिकाम्या वेळापत्रकाकडे पाहिलंत, ते भिंतीवर आपल्या दोघांच्या मधोमधच लावलेलं होतं. "सर," तुम्ही म्हणालात, "तुम्हाले प्रत्येक दारामागं कोणी ना कोणी लपून बसलं आहे असं काहून वाटते?" राग होता की माया, मी वर मान करून पाहिलंच नाही.

त्यानंतर एका शनिवारी मी हडपसरला साडूकडे गेलो होतो. परतताना थांब्यावर तुम्ही दिसलात. सोबत तुमची पाच-सहा मुलं, हातात वह्या आणि घड्याळं, प्रत्येक बस आली की वेळ टिपत होती. मी खांबामागे सरकलो, पण तुम्ही मला पाहिलं होतं. शेजारी भाजीचं गाठोडं घेऊन एक बाई बसली होती. ती तुम्हाला म्हणाली, "हे काय मोजतायसा? बस येत न्हाई तर न्हाई, आन येतात तवा दोन एकदम येतात. रोजचंच हाय." तुम्ही तिच्यापुढे उकिडव्या बसलात. "मावशी, तेच तर शोधून राहिलो. बघा, पहिल्या बसला थोडा उशीर झाला की थांब्यावर माणसं साचतात. ती चढवण्यात तिला आणखी उशीर होतो. मागच्या बसला मग माणसंच उरत नाहीत, ती भरभर येते आणि पुढचीला गाठते. ड्रायव्हरची चूक नाही त्यात." बाई विचारात पडली. मग म्हणाली, "मंग पहिलीला म्होरं रिकामी काढून द्यायची." तुमचा चेहरा असा काही उजळला! "लिहा रे," तुम्ही मुलांना म्हणालात, "मावशींनी उत्तर दिलं. आता ते बरोबर आहे का ते तपासायचं, एवढंच आपलं काम."

इतकी वर्षं मी वर्गात एकाही माणसाला असा विचारात पडलेला पाहिला नव्हता. पण तुम्ही माझ्याकडे वळलात आणि माझ्या तोंडून निघालं ते असं: "छान. म्हणजे आता पदवी थांब्यावर मिळणार." तुमची मुलं खाली पाहू लागली. तुम्ही म्हणालात, "तुमची बस आली, सर." खरंच आली होती. मी चढलो. कॉलेजाबाहेर आपली झालेली ती एकमेव भेट.

पुढच्या सहा महिन्यांत तुम्ही गेलात.

शोकसभा झाली. विभागप्रमुख बोलले. 'उपयोजित शाखा हे मॅडमचं स्वप्न होतं' असं तीनदा म्हणाले. मी मोजलं. तुम्ही स्वप्न हा शब्द कधी वापरल्याचं मला आठवत नाही. तुम्ही 'वेळापत्रक' म्हणायचात. मी बोलायला उठलो नाही. बैठक दोन आठवडे पुढे ढकलल्याचंही तिथेच जाहीर झालं. कशाला, अशी शंका मला आली. ती माझ्यापाशीच ठेवली.

चार दिवसांनी प्रज्ञा तुमचं सामान न्यायला आली. मीच तिला कपाट उघडून दिलं. तुमच्या फाइली वर्षवार लावलेल्या होत्या. ती एकेक चाळून 'हे ठेवू, हे तुम्हाला लागेल' असं करत होती. एका फाइलवर थांबली. "सर, हे तुमच्याबद्दल आहे." तिच्या आवाजावरून मला वाटलं, आता काय वाचावं लागणार?

तेच टाइप केलेलं पान. पण त्याच्यामागे दुसरं पान स्टेपल केलेलं. खाली तुमची सही, आणि वर विभागाच्या कार्यालयाचा आवक शिक्का. म्हणजे तुम्ही पत्र रीतसर दिलं होतं, सही करून, आणि पोच घेऊन प्रत स्वतःकडे ठेवली होती.

मी उभ्यानंच वाचलं. 'तथापि,' असं दुसरं पान सुरू होत होतं. 'तिसऱ्या वर्षाचे बीजगणिताचे दोन्ही पेपर उपयोजित शाखेलाही सक्तीचे ठेवावेत. संगणकातील गुप्तता आणि निरोपांची दुरुस्ती यांचा पाया तिथे आहे. हे पेपर वगळून शाखा सुरू करायची असल्यास माझा प्रस्ताव मागे घेतला आहे असे समजावे. सध्याचे शिक्षक हा विषय ज्या खोलीने जाणतात तसे जाणणारे माझ्या पाहण्यात दुसरे नाहीत. त्यांच्याशी शिकवण्याच्या पद्धतीबद्दल बोलणे आवश्यक आहे. मी एकदा बोलले. त्यांनी मनावर घेतले नाही. पुन्हा बोलेन. या पत्राची प्रत त्यांना द्यावी, ही विनंती.'

ती प्रत मला कधी मिळाली नाही. तुम्ही समजत राहिलात की मिळाली. दोन्ही पानं वाचूनही हा माणूस तोंड फिरवून बसला आहे, असंच तुम्हाला वाटलं असणार. आणि तरी तुम्ही दोन तास मागायला आलात. 'पुन्हा बोलेन' असं लिहिलं होतं, म्हणून आलात.

"आई काय सांगायची माझ्याबद्दल?" आता मात्र मी प्रज्ञाला विचारलं.

ती जराशी संकोचली. "म्हणायची, लेले सरांइतका हुशार माणूस पाहिला नाही आणि इतका हट्टीही. म्हणायची, वाद घालायला दुसरं कुणी उरलं नाही आणि हे बोलून राहिले नाहीत." मग म्हणाली, "सर, तुम्ही बसा ना."

मी ते पत्र घेऊन विभागप्रमुखांकडे गेलो. "दुसरं पान फाइलला का नव्हतं?" त्यांनी चष्मा लावून पत्र वाचलं. "अहो सर, मी आलेलं सगळंच फाइलला लावायला सांगतो. पिनेतून पान गळालं असेल. आता त्याचं काय?"

"प्रत मला का दिली नाही?"

"दिली नव्हती का?" ते म्हणाले. "राहून गेलं असेल."

खरं बोलत होते की खोटं, मला आजही सांगता येणार नाही. आपण दोघं भांडत असल्याचा त्यांना फायदा होता, हे खरं. सरकारी फाइलीतून पानं गळतात, हेही खरं.

बैठकीत त्यांचा डाव उघडा पडला. डाव म्हणतो मी, ते त्याला तोडगा म्हणाले. मॅडम गेल्या, शिकवायला माणूस नाही, नवी जागा भरायला परवानगी नाही. तेव्हा मॅडमच्या स्मरणार्थ तीन महिन्यांचा ऑनलाइन प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू करावा आणि शाखा 'तूर्त' थांबवावी. तुमचं नाव देऊन तुमचंच काम बंद करायचं. मंडळाचे अर्धे सदस्य मान डोलावू लागले. सगळे माझ्याकडे पाहत होते, कारण या शाखेचा सर्वांत जुना विरोधक मी. माझा पाठिंबा त्यांनी गृहीतच धरला होता.

मी उठलो आणि तुमचं पत्र वाचलं. दोन्ही पानं. 'शिक्षक फळ्याशी बोलतात' हेही वाचलं. तिथे कुणीतरी खोकलं. मग म्हणालो, "यातले शिक्षक म्हणजे मी. मॅडमचा गणिती मॉडेलांचा पेपर या सत्रात मी शिकवीन. बसच्या नोंदींसकट. मला येत नाही, शिकून शिकवीन. चौथ्या वर्षाचा माझा पेपर ऐच्छिक करावा, त्याला माझी हरकत नाही. शाखा बंद करायला आहे." बाहेरून आलेल्या एका सदस्य बाईंनी पत्र मागून घेतलं, शिक्का पाहिला आणि विभागप्रमुखांना विचारलं, "हे मंडळापुढे आधी का आलं नाही?" ते पुन्हा पिनेवर गेले. या वेळी कुणी मान डोलावली नाही.

शाखा दोन वर्षं चालू राहणार आहे. बीजगणिताचे दोन्ही पेपर सक्तीचे राहिले. माझा लाडका पेपर ऐच्छिक झाला आणि पुढच्या वर्षासाठी तो अवघ्या चौघांनी मागितला आहे. तुमचं म्हणणं बरोबर होतं. मला ते आवडलेलं नाही, हेही नोंदवून ठेवा.

तुमचा वर्ग घेतो आहे. पहिले तीन तास वाईट गेले. तुमची मुलं माझ्याकडे अशी बघत होती की हे गृहस्थ शाखा बंद करायलाच आत शिरले असावेत. मी त्यांना दोष देत नाही. चौथ्या तासाला मी कबूल केलं की बसच्या नोंदींतलं एक समीकरण मला सुटत नाहीये. सोनाली नावाची मुलगी उठली आणि तिनं फळ्यावर येऊन मला समजावलं. मी शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. समीकरण चुकलं होतं, पण मी लगेच सांगितलं नाही. तिचं तिलाच सापडलं.

तुमच्याशी अजून माझा वाद आहे. सगळ्याच गोष्टींना थांब्यावर नेता येत नाही. काही गोष्टी एकट्यानं, कशाच्याही उपयोगाविना पाहाव्या लागतात. यावर तुम्ही काय म्हणाला असता ते मी मनात जुळवून बघतो, आणि दर वेळी तुमची बाजू मांडायला माझी ताकद कमी पडते. त्या बाजूनं बोलायला तुम्हीच पाहिजे होतात.

परवा शाखा निवडायचे अर्ज सुरू झाले. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी आईला घेऊन आली. आई कात्रजला दुधाच्या डेअरीत पॅकिंगला आहे, अर्धी रजा टाकून आली होती. बसली नाही. मुलीला मागे सारून मला म्हणाली, "सर, ही म्हणती नवीन शाखा घ्यायची. मला सरळ सांगा. हे नवीन काय काढलंय? उद्या बंद करून पोरींना वाऱ्यावर सोडायचं न्हाई ना? मागं हिच्या भावाला असंच एका कोर्सात फसवलंय. माझा इस्वास न्हाई."

मुलगी लाजेनं अर्धी झाली. "आई, असं नसतं विचारायचं."

"विचारू द्या," मी म्हणालो. मी त्यांना खुर्ची दिली आणि सगळं सांगितलं. शाखा कुणी सुरू केली, ती दोन वर्षं नक्की आहे, त्यापुढचं मलाही माहीत नाही. बंद होऊ लागली तर काय करता येईल, तेही सांगितलं. त्या मध्येमध्ये थांबवून उलटे प्रश्न विचारत होत्या. पाऊण तास लागला. शेवटी त्या म्हणाल्या, "आता बरं वाटलं. भर गं अर्ज."

त्या गेल्यावर मी खोलीत एकटाच होतो. संशय त्या बाईलाही होता, मॅडम, माझ्यापेक्षा जास्त. पण ती दोन बस बदलून विचारायला आली. माझ्या टेबलापासून तुमचं टेबल चार पावलांवर होतं.